मांडीवर हात टेकून उठणारा मुलगा

प्रश्न : माझा मुलगा ५ वर्षांचा आहे. सारखा पडतो, जिना कठडा धरून चढतो. पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या. सासूबाई म्हणतात, आळशी आहे. काय करू?

उत्तर : ताई, त्याला आळशी म्हणू नका, रागावू तर मुळीच नका. जमिनीवरून उठताना तो आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत वर येतो का, ते आजच बघा. कमरेचे, मांड्यांचे स्नायू कमकुवत झाले की मुलं अशी उठतात. भरलेल्या पोटऱ्या म्हणजे ताकद असंच नसतं; डॉक्टरकीच्या नव्या नव्या काळात त्यांना बघून मीही फसलो होतो. मला ड्युशेन या स्नायूंच्या आजाराची शंका येते. तो बहुतेक मुलग्यांनाच होतो. रक्ताची सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य) तपासणी याच आठवड्यात करा. फार वाढलेली आली तर जनुकीय तपासणी लागेल. आजार पुरता जात नाही, पण वेळेवर स्टिरॉइड सुरू झालं तर चालणं जास्त वर्षं टिकतं. डॉक्टरांकडे जाताना त्याच्या उठण्याचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा.