दारातच लागलेला निकाल

या वेळच्या पत्रांत एकच सूर पुन्हा पुन्हा आला: समोरच्या माणसाबद्दल आपलं मत बनतं कसं, आणि फसतं कुठे? त्यातली चार पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : आमची अमळनेर तालुक्यात छोटी पतसंस्था आहे. कारकुनाच्या एका जागेसाठी आम्ही संचालकच मुलाखती घेतो. उमेदवार दार ढकलून आत आला, की आमच्यातले दोघं-तिघं मनात निकाल लावून मोकळे होतात. विचारलं तर ‘अनुभवाची नजर आहे’ म्हणतात. इतक्या लवकर माणूस कळतो का?

उत्तर : मत इतक्या लवकर बनतं, हे खरं. माणूस कळतो, हे नव्हे. २००६ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जेनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव यांनी अनोळखी चेहरे सेकंदाचा जेमतेम दहावा भाग दाखवले आणि विचारलं, हा भरवशाचा वाटतो का? ही मतं हवा तेवढा वेळ घेऊन पाहणाऱ्यांच्या मतांशी बरीच जुळली. वेळ वाढवून दिला, तेव्हा वाढली ती मुख्यतः स्वतःच्या मतावरची खात्री. तुमच्या संचालकांची अनुभवाची नजर म्हणजे बऱ्याचदा हीच फुगलेली खात्री असते.

या घाईत अमिग्डाला या भागाचा मोठा वाटा आहे. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, आत खोलवर, बदामाच्या आकाराचा एकेक. १९९८ मध्ये राल्फ ॲडॉल्फ्स यांच्या गटाने दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेले तीन रुग्ण तपासले. ज्या चेहऱ्यांपासून इतरांना चार हात दूर राहावंसं वाटत होतं, तेही या तिघांना भरवशाचे वाटले. म्हणजे अमिग्डालाची ही धोक्याची घंटा कामाची आहे, ती बंद करता येत नाही आणि करूही नये. फक्त घंटेच्या तालावर गुणपत्रिका भरू नका.

खरा घोटाळा पुढे होतो. सॉलोमन ॲश यांनी १९४६ मध्ये एका माणसाचं वर्णन सहा शब्दांत दिलं: बुद्धिमान, कष्टाळू, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हेच सहा शब्द उलट्या क्रमाने दिले. पहिल्या गटाला तो थोडेफार दोष असलेला कर्तबगार गडी वाटला, दुसऱ्याला दोषांनी वाया गेलेला. आधी आलेली गोष्ट नंतरच्या गोष्टींचा अर्थ ठरवते. आवडलेला उमेदवार अडखळला तर ‘विचार करून बोलतो’. नावडता अडखळला तर ‘काही येत नाही’.

उपाय क्रमात आहे. आदल्या दिवशी कामाला लागणारे पाचच गुण कागदावर घ्या: हिशेबातली अचूकता, नोंदींची टापटीप, खातेदाराशी बोलणं, वेळेची शिस्त, संगणकावरचं काम. प्रत्येकासाठी दोन प्रश्न, सगळ्यांना त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. प्रत्येक गुणाला १ ते ५ पैकी आकडा, आणि १ कशाला, ३ कशाला, ५ कशाला, हेही आधीच लिहिलेलं. एका गुणाचे दोन प्रश्न संपले की आकडा पेनाने टाकायचा, मग पुढचा गुण. बेरजा होईपर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही. अध्यक्षांनी तर नाहीच. त्यांनी ‘पोरगं बरं दिसतंय’ म्हटलं, की बाकीच्यांची पेनं आपोआप वळतात.

मुलाखतीआधी पंधरा मिनिटांचं काम द्या. वीस पावत्या आणि रोजकीर्दीचं कोरं पान. दोन पावत्यांत अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम मुद्दाम वेगळी ठेवा. कोण गपचूप आकडा उतरवतं आणि कोण मान वर करून विचारतं, ते पाहा. भरवसा चेहऱ्यापेक्षा इथे जास्त दिसतो.

आणि ‘कोणत्या गावचा? कोणाचा?’ हा प्रश्न. खानदेशात तो टळणार नाही हे आम्हालाही ठाऊक आहे, पण आकडे टाकून झाल्यावर विचारा. गावावरून आडनाव निघतं, आडनावावरून नातं, आणि मग पाचही रकाने त्या नात्याच्याच शाईने भरले जातात. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये अनेक दशकांचा अभ्यास एकत्र केला. त्यात मोकळ्याढाकळ्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी मेळ ०.३८ निघाला, आखीव मुलाखतीचा ०.५१ (१ म्हणजे पूर्ण मेळ). आखीव मुलाखतही काही परीस नव्हे. पण एवढा फरक फुकटात पदरात पडतो.

प्रश्न : मुलगी पुण्यात नोकरीच्या मुलाखती देते आहे. आम्ही धुळ्याचे, घरात अहिराणी. तिच्या मराठीत तो हेल येतोच. तिने तो लपवावा का?

उत्तर : हेलावरून माप काढलं जातं, यात शंका नाही. १९६० मध्ये मॉन्ट्रियलमध्ये वॉलेस लँबर्ट यांनी दोन्ही भाषा सफाईने येणाऱ्या माणसांकडून एकच उतारा एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना वाटलं, माणसं वेगवेगळी आहेत. इंग्रजी बोलणारा ‘माणूस’ जास्त हुशार ठरला, आणि बोचणारी गोष्ट अशी, की खुद्द फ्रेंच भाषकांनीही त्यालाच झुकतं माप दिलं. आपल्याकडेही अहिराणीला हसणाऱ्यांत अहिराणी घरातली माणसं कमी नसतात.

तरी लपवू नये, असं आमचं मत. बोलताना स्वतःवर पहारा ठेवला की विचार करायला मिळणारं लक्ष त्यातच खर्च होतं, आणि त्या अडखळण्याचाच दोष हेलापेक्षा जास्त लागतो. त्यापेक्षा पहिली तीन वाक्यं पक्की करावीत: नाव, शिक्षण, केलेलं एक ठोस काम, आकड्यासह. ती सावकाश, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाच-सहा वेळा म्हणावीत. ऐकणाऱ्याचा कान नव्या हेलाला लवकर सरावतो. त्याला तेवढा वेळ मिळाला पाहिजे. अहिराणीतलं ‘शे’ आणि मराठीतलं ‘आहे’ यांची सरमिसळ होत असेल तर तेवढी टाळावी. सूर राहू द्यावा.

प्रश्न : रावेर भागात केळीची कटाई असते. सातपुड्यातून येणारे मजूर मला सगळे सारखेच दिसतात आणि हजेरी चुकते. माझ्या नजरेत दोष आहे का?

उत्तर : डोळ्यांत नाही. त्यांनाही सगळे मालक सारखेच दिसत असतील. ज्या चेहऱ्यांचा सराव कमी, ते ओळखताना गफलत होते, हे १९६९ पासूनच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. पण सराव हे एकच कारण नाही. २००७ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांना त्यांच्याच वंशाचे चेहरे दाखवले. फक्त काहींखाली लिहिलं, ‘दुसऱ्या विद्यापीठाचा’. तेवढ्यावरून ते चेहरे कमी लक्षात राहिले. ‘हा आपल्यातला नाही’ असं ठरलं, की मेंदू माणसाची नोंद घेत नाही, गटाची घेतो.

म्हणून हजेरी ‘टोळीतले चौदा’ अशी घेऊ नका, नावाने घ्या. पहिले तीन दिवस नाव घेताना चेहऱ्याकडे पाहा. कान, भुवया, हनुवटी यांतलं एक टिपा. डोक्याचं फडकं, शर्ट, टोपी यांवर विसंबू नका. ते दुसऱ्या दिवशी भावाच्या अंगावर असतं.

प्रश्न : आमचे अण्णा ७६ वर्षांचे आहेत, यावलला असतात. महिन्याभरापासून आईला म्हणतात, ‘ही तिच्यासारखी दिसते, पण ती नाही.’ आम्हा मुलांना मात्र ओळखतात. आई रोज रडते.

उत्तर : आईंना आधी हे सांगा, की यात राग किंवा तिरस्कार नाही. फ्रान्समधले डॉक्टर जोसेफ काप्ग्रा यांनी १९२३ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हा काप्ग्रा भ्रम. चेहरा ओळखणं आणि ओळखीच्या चेहऱ्याने मनात ऊब येणं, ही मेंदूतली दोन वेगळी कामं. ओळखीचं माणूस दिसलं की आपल्या तळहाताचा घाम अगदी किंचित वाढतो आणि तो यंत्रावर मोजता येतो. अशा रुग्णांत चेहरा जुळतो, पण ती नोंद उमटत नाही. मग मेंदू त्याचा अर्थ लावतो: दिसते तीच, पण ती नव्हे.

स्मृतिभ्रंशाचे काही प्रकार, पक्षाघात, डोक्याला मार, काही मानसिक आजार यांत हे होतं. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. झोपेच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्यासुद्धा. नसलेली माणसं किंवा जनावरं दिसणं, चाल आखडणं, एक दिवस शुद्ध आणि एक दिवस गोंधळ, यांतलं काही असेल तर ते आधी सांगा: अशा एका आजारात भ्रमावरची काही औषधं फार बाधतात. दुसऱ्याची गोळी आणून देऊ नका. गोंधळ दोन-तीन दिवसांत अचानक वाढला, गुंगी आली, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. लघवीचा संसर्ग किंवा मे महिन्यातल्या उन्हात घसरलेलं सोडियम एवढंही पुरतं.

घरात वाद घालू नका, आधार कार्ड दाखवू नका. खोट्या माणसाकडे खरं कार्ड कसं, यावर संशय आणखी वाढतो. आवाजाचा रस्ता बऱ्याचदा शाबूत असतो; फोनवर ओळखणारा रुग्ण समोर आल्यावर नाकारतो, असंही नोंदलेलं आहे. म्हणून आईंनी ओट्यावरूनच बोलायला लागावं, नेहमीच्या हाकेने, आणि बोलत बोलत आत यावं. विळा, कोयता हाताशी ठेवू नका. ‘तोतया’वर हात उगारला गेल्याची उदाहरणं आहेत. अण्णा चिडले तर आईंनी बाजूच्या खोलीत जावं, दहा मिनिटांनी पुन्हा आवाज देत यावं. रात्री-अपरात्री सल्ला लागला तर टेलीमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे.