समाजकार्याची पदवी: फी किती आणि खर्च किती

लातूरमध्ये विद्यार्थी-मार्गदर्शनाचे काम करताना माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक कुटुंबांना नीट आणि जेईईखेरीज दुसरे काही विचारायचे नसते. ‘लातूर पॅटर्न’च्या या शहरात ते स्वाभाविकही आहे. त्यामुळे जूनमधल्या एका दुपारी बीड जिल्ह्यातून आलेल्या एका आईने वेगळाच प्रश्न विचारला, तेव्हा मी हातातले कागद बाजूला ठेवले. “ताई, पोरगी समाजकार्य शिकायचं म्हणायलीय. शिकवायचं हाय, पर पैका किती लागंल ते आधी सांगा.” मुलगी कला शाखेतून बारावी झाली होती. आईवडील दरवर्षी एका कोयत्यावर, म्हणजे जोडीने, ऊसतोडीला जात होते. समाजकार्याविषयी चौकशी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराची हीच चिंता असते, की ही पदवी आपल्याला झेपेल का आणि झेपली तरी पुढे तिचे काय होईल.

या कुटुंबाला एक उत्तर आधीच मिळालेले होते. तालुक्याच्या ठिकाणी एका दलालाने ‘घरबसल्या, एका वर्षात बीएसडब्ल्यू’, म्हणजे समाजकार्याची पदवी, चाळीस हजारांत मिळवून देण्याचे कबूल केले होते आणि वडिलांनी मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराकडून, जास्तीची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ते पैसे भरायचे ठरवले होते. उचल फेडायची म्हणजे अंगावर आणखी काम घेणे, हे त्या घरात कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. मी फक्त एवढेच सांगितले की समाजकार्याची पदवी किमान तीन वर्षांची असते आणि क्षेत्रकार्याशिवाय, म्हणजे वर्गाबाहेर लोकांमध्ये केलेल्या प्रत्यक्ष कामाशिवाय, ती पूर्णच होत नाही. म्हणून एका वर्षात घरी बसून मिळणारा कागद स्वस्त असला तरी नोकरीच्या मुलाखतीत त्याची किंमत शून्य ठरते. दूरशिक्षण मुळातच वाईट असते असे नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) हे अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्या अनेकांना सोयीचे पडतात, मात्र तिथेही क्षेत्रकार्य सक्तीचे आहे आणि अभ्यासाचे माध्यम हिंदी किंवा इंग्रजी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीने एकटीने ते पेलावे, असे मला वाटले नाही.

मग आम्ही खऱ्या पर्यायांकडे वळलो. महाराष्ट्रातील समाजकार्य महाविद्यालये सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत येतात, आणि त्यांतील जी अनुदानित आहेत तिथे प्राध्यापकांच्या वेतनाचा भार शासन उचलत असल्यामुळे विद्यार्थ्याची फी कमी राहते. म्हणून महाविद्यालयाची इमारत किंवा माहितीपत्रक पाहण्याआधी एकच प्रश्न विचारावा, की हा अभ्यासक्रम अनुदानित आहे की विनाअनुदानित. एकाच संस्थेत दोन्ही प्रकारचे वर्ग असू शकतात. बीड, जालना, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असतात, तर लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली येथील महाविद्यालये 1994 साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी. संलग्नतेची खात्री विद्यापीठाकडूनच करून घ्यावी, मध्यस्थाच्या शब्दावर विसंबू नये.

फीचा आकडा कळला की पालकांना हायसे वाटते, आणि नेमके तिथेच हिशेब चुकतो. समाजकार्याचा विद्यार्थी आठवड्यातून साधारण दोन दिवस वर्गाबाहेर असतो. कधी वस्तीत, कधी शाळेत, कधी रुग्णालयात, कधी एखाद्या संस्थेच्या गावातील प्रकल्पावर. त्यात ग्रामीण शिबिर आणि अभ्यास सहलीची भर पडते. हा सगळा प्रवास आणि बाहेरचे जेवण फीच्या पावतीवर कुठेच दिसत नाही. मुलीने वहीत रकाने आखले: शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, खोली, मेस, क्षेत्रकार्याचा प्रवास, शिबिर. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागते, ही गोष्ट आईने स्वतःहून सांगितली आणि प्रवासाचा रकाना तिथल्या तिथे निम्मा केला.

कुटुंब अनुसूचित जातीतील असून वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत होते, त्यामुळे भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येणार होता. राहण्यासाठी समाजकल्याण विभागाचे शासकीय वसतिगृह, आणि पात्र असूनही तिथे प्रवेश न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, असा क्रम आम्ही ठरवला. स्वाधारमध्ये भोजन आणि निवासाची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र ही कागदपत्रे आईवडील गावात असतानाच काढून घ्या, असे मी बजावले, कारण दसरा-दिवाळीनंतर ते घर कुलूपबंद असते.

इतके करूनही एक चूक राहिली आणि ती माझी होती. मुलीचे आधार कोणत्या मोबाइल क्रमांकाला जोडलेले आहे, हे मी विचारलेच नाही. ते वडिलांच्या क्रमांकाला जोडलेले होते, आणि ऐन अर्जाच्या वेळी वडील सांगली जिल्ह्यातील ऊसतोडीच्या फडावर होते. कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, वीज नाही, फोन दिवसाआड चार्ज होणार, आणि ओटीपी काही मिनिटांत संपणार. शेवटी रविवारी रात्री मुकादमाच्या फोनवरून वडिलांशी वेळ ठरवून अर्ज भरला गेला. त्यात आणखी एक गोष्ट उघडकीस आली, की तिच्या नावावर दोन बँक खाती होती आणि आधार जोडलेले होते ते जुने, शाळेच्या वेळचे, बंद पडलेले खाते. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता त्यामुळे अडकला. मधले तीन महिने आईच्या बचत गटाच्या कर्जावर निघाले. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला गुणपत्रिका दाखवण्याआधी आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक आणि खाते तपासायला लावते.

एक स्वस्त पर्याय तिने स्वतः नाकारला, त्याचाही उल्लेख करायला हवा. एमएसडब्ल्यूला कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो, आणि या क्षेत्रातील अनेक जागांसाठी, रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकापासून समुपदेशकापर्यंत, पदव्युत्तर पदवीच मागितली जाते. म्हणून गावाजवळच्या महाविद्यालयातून बीए करून सगळा पैसा पुढच्या दोन वर्षांसाठी राखून ठेवणे हा अनेक घरांसाठी शहाणपणाचा मार्ग असतो, आणि मी तो तिच्यापुढे ठेवला होता. ती म्हणाली, “मॅडम, घरी राहिले तर हंगामात धाकट्यांचं मलाच बघावं लागंल. बीए होईल का, तेच सांगता येत नाही.” यावर माझ्याकडे प्रतिवाद नव्हता. बाल संरक्षण कक्ष किंवा संस्थांच्या प्रकल्पांतील बऱ्याच जागा कंत्राटी असतात आणि मानधन बेताचे असते, हेही मी आईसमोर स्पष्टपणे सांगितले. त्यावर आई म्हणाली, “कोयत्यापरीस बरंच की.”

ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात वही घेऊन आली होती; नव्या पानावर ‘एमएसडब्ल्यू’ असे लिहून तेच सहा रकाने पुन्हा आखलेले होते. तुळजापूर येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या परिसरासाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी, की विद्यापीठातच अर्ज करावा, हे अजून ठरलेले नाही, म्हणून प्रवासाचा रकाना तिने कोरा ठेवला आहे. आधारला आता तिचा स्वतःचा क्रमांक जोडलेला आहे.