प्रश्न तुमचे: ३२ टक्के मतं आणि ५० पैकी ५० डेलिगेट

प्रश्न: माझी मुलगी आणि जावई साऊथ कॅरोलिनात असतात. परवा फोनवर जावई म्हणाले की २०१६ ला तिथल्या प्रायमरीत ट्रम्पना एक तृतीयांश मतंपण नव्हती, तरी राज्यातले झाडून सगळे डेलिगेट त्यांनाच मिळाले. हे खरंय का? आणि असेल तर हा कुठला न्याय?

उत्तर: काका, जावई अगदी बरोबर सांगतायत. प्रायमरी म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यात होणारं मतदान, आणि डेलिगेट म्हणजे त्यावरून पक्षाच्या अधिवेशनात जाऊन उमेदवार निवडणारे प्रतिनिधी. ही होती २० फेब्रुवारी २०१६ ची रिपब्लिकन प्रायमरी. ट्रम्प ३२.५ टक्के, रुबियो २२.५, क्रूझ २२.३, आणि उरलेली मतं बुश, केसिक, कार्सन यांच्यात वाटली गेली. म्हणजे तीनातल्या दोन मतदारांनी ट्रम्प सोडून दुसऱ्याच कोणालातरी मत दिलं, आणि डेलिगेट मात्र ५० च्या ५० ट्रम्पना.

आता हे झालं कसं ते बघा. त्या ५० चे दोन भाग होते. २९ डेलिगेट अख्ख्या राज्यात जो पहिला येईल त्याला, निम्म्याहून जास्त मतं वगैरे काही अट नाही, नुसतं पहिलं यायचं. राहिलेले २१ म्हणजे ७ काँग्रेशनल डिस्ट्रिक्ट (आपले लोकसभा मतदारसंघ असतात तसेच) आणि प्रत्येकात ३, तिथेपण जो पहिला तो तिन्ही घेऊन जातो. ट्रम्प सातही डिस्ट्रिक्टमध्ये पहिले आले, विषय संपला. गंमत म्हणजे चार्ल्सटन आणि रिचलँड या दोन काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारख्या) रुबियोंनी जिंकल्या होत्या, पण डेलिगेट काउंटीवर मिळतच नाहीत, त्यामुळे बिचाऱ्यांच्या हाती भोपळा. बुश तर त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले.

याच्या ११ दिवस आधी न्यू हॅम्पशायरला ट्रम्पना जास्त टक्के होते, ३५, पण तिथे मतांच्या प्रमाणात वाटप असल्यामुळे २३ पैकी ११ च मिळाले. त्या वेळी रिपब्लिकन पक्षाचा नियमच होता की १५ मार्चच्या आधी मतदान घेणाऱ्या राज्यांनी प्रमाणात वाटायचं, पण सगळ्यात आधीच्या चार राज्यांना त्यातून सूट होती आणि साऊथ कॅरोलिना त्या चारात येतं. न्यायाचं म्हणाल तर मला स्वतःला ही पद्धत दोघांच्या लढतीत चालण्यासारखी वाटते, पण सहा जण उभे असताना विरोधातली मतं फुटतात आणि पहिल्या नंबरवाल्याची चांदी होते. आणि दोघांच्या लढतीतही दुसऱ्याला फार काही मिळतं असं नाही हं. २०२४ ला निकी हेली, याच राज्याच्या माजी गव्हर्नर, त्यांना ३९.५ टक्के मतं पडली आणि डेलिगेट फक्त ३, तेपण किनाऱ्याकडचं १ नंबरचं डिस्ट्रिक्ट जिंकल्या म्हणून.

प्रश्न: मग डेमोक्रॅट लोकांचं बरं म्हणायचं ना? ते तर मतांच्या प्रमाणात देतात असं वाचलंय.

उत्तर: देतात, पण त्यात एक चाळणी आहे. राज्यात किंवा डिस्ट्रिक्टमध्ये १५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर त्या हिशोबात तुम्ही धरलेच जात नाही. २०२० ला साऊथ कॅरोलिनात बायडन ४८.७ टक्के, सँडर्स १९.८, आणि टॉम स्टायर ११.३. स्टायर अब्जाधीश माणूस, या राज्यात पाण्यासारखा पैसा ओतला, डेलिगेट शून्य. बूटिजज, वॉरन यांचंही तेच. ५४ डेलिगेट होते, त्यातले ३९ बायडनना, १५ सँडर्सना, बस्स. म्हणजे जवळपास एक तृतीयांश मतदारांच्या मतांना एकही डेलिगेट नाही, आणि निम्म्याहून कमी मतं असलेल्या बायडनना ७२ टक्के डेलिगेट. रिपब्लिकनांपेक्षा सौम्य आहे हे मान्य, पण "जेवढी मतं तेवढे डेलिगेट" असं काही नाहीये.

प्रश्न: माझा भाऊ तिकडे ग्रीन कार्डवर आहे. त्याला प्रायमरीत मत देता येतं का? आणि दोन्ही पक्षांना देता येतं का?

उत्तर: ग्रीन कार्डवर नाही, नागरिकच लागतो, उगाच ट्राय करायला सांगू नका, गुन्हा आहे तो. नागरिक झाला तर मात्र साऊथ कॅरोलिनात सोपं आहे, मतदार नोंदणीत पक्ष लिहायची भानगडच नाही, कुठल्याही पक्षाच्या प्रायमरीत जाता येतं पण एकाच. २०२४ ला डेमोक्रॅट ३ फेब्रुवारीला आणि रिपब्लिकन २४ ला होती, पहिल्यात मत दिलं तर दुसरी बंद.

प्रश्न: डेलिगेट म्हणजे खरी माणसं असतात की नुसता आकडा? आणि इलेक्टोरल कॉलेज ते हेच का?

उत्तर: खरी माणसं. बहुतेक पक्षाचे कार्यकर्ते, पदाधिकारी, जे राष्ट्रीय अधिवेशनात जाऊन उमेदवार ठरवतात. रिपब्लिकनांचे तिथले डेलिगेट अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीला आपापल्या उमेदवाराशी बांधलेले असतात, डेमोक्रॅटांच्या नियमात मात्र मतदारांच्या भावना सद्सद्विवेकबुद्धीने मांडा एवढंच आहे. म्हणूनच २१ जुलै २०२४ ला बायडननी माघार घेतल्यावर त्यांचे डेलिगेट (साऊथ कॅरोलिनाचे तर ५५ च्या ५५ त्यांचेच होते) हॅरिसकडे वळू शकले, परत प्रायमरी घ्यावी लागली नाही.

इलेक्टोरल कॉलेज वेगळं. ते नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीचं, राष्ट्राध्यक्ष निवडणारी राज्याराज्यांची मतं, एकूण ५३८, त्यात साऊथ कॅरोलिनाची ९.

प्रश्न: २०२० ला तिथे रिपब्लिकन प्रायमरीचा निकाल सापडत नाही. का?

उत्तर: कारण झालीच नाही! ट्रम्प राष्ट्राध्यक्ष होते, पुन्हा उभे राहणार होते, म्हणून राज्यातल्या पक्षाने २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ठरवलं की मतदान नकोच. ट्रम्पच्या विरोधात दुसरे रिपब्लिकन उभे राहिले होते, त्यात याच राज्याचे माजी गव्हर्नर मार्क सॅनफर्डसुद्धा, पण त्यांना इथे लढताच आलं नाही. माजी खासदार बॉब इंग्लिस कोर्टात गेले, तिथेही काही झालं नाही. शेवटी हे पक्षाचं तिकीट आहे, आणि ते कसं वाटायचं, मतदान घ्यायचं की नाही, हे बरंचसं पक्षच ठरवतो, फक्त आपल्याकडे हायकमांडच्या बंद खोलीत होतं ते तिकडे एरवी लोकांना विचारून होतं. २०२० चे तिथले डेलिगेट मतदानाशिवाय ट्रम्पनाच गेले.