खोल समुद्रातल्या प्राण्यांमधले विषाणू शोधतात कसे?

प्रयोगशाळेत वाढवून नाही, हे आधी सांगतो. १,००० मीटर खोलीवर सुमारे १०० वातावरणांइतका दाब असतो. तिथला प्राणी वर आणला की बहुधा जगत नाही, आणि विषाणू वाढवायला लागणारी त्याच्या पेशींची तयार संवर्धनंही (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) सहसा नसतात. म्हणून कल्ले, यकृत, आतडं यांचे तुकडे लगेच गोठवतात किंवा आरएनए (पेशींत आणि अनेक विषाणूंत जनुकीय माहिती वाहणारा रेणू) टिकवणाऱ्या द्रावणात ठेवतात. मग त्यातला सगळा आरएनए वाचायचा आणि संगणकावर आरएनए विषाणूंचं प्रतिकृती काढणारं एन्झाइम हुडकायचं. ते प्राण्यांच्या पेशींत अशा रूपात नसतं, त्यामुळे ते सापडलं की माग लागतो.

खरी अडचण त्यानंतरची. हा विषाणू प्राण्याचा, त्याच्या परजीवीचा, की त्यानं खाल्लेल्या भक्ष्याचा? समुद्रतळाशी मेलेले मासे खाणाऱ्या हॅगफिशच्या आतड्यात काहीही मिळू शकतं. तोच विषाणू यकृतात किंवा कल्ल्यातही भरपूर मिळाला, आणि वंशवृक्षात पृष्ठवंशीयांच्या विषाणूंशेजारी बसला, तर दावा पक्का होत जातो. २०१८ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या चिनी-ऑस्ट्रेलियन अभ्यासात अशाच पद्धतीनं २१४ नवे विषाणू मिळाले. त्यात हॅगफिशमधला इन्फ्लुएन्झाचा नातेवाईकही होता! जबडासुद्धा नसलेल्या प्राण्यात फ्लूचं कूळ सापडावं, हे मला फार विलक्षण वाटतं.

२०२३ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेत ८,९०० मीटर खोलीवर सापडलेल्या विषाणूची बातमी गाजली, पण तो जिवाणूंना संसर्ग करणारा आहे, प्राण्यांना नाही.