‘हा संगणक विंडोज ११ चालवू शकत नाही’ : असेंबल केलेल्या यंत्रांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इचलकरंजीत माझे डीटीपी आणि छपाईचे छोटे दुकान आहे. २०१७ साली गावातल्याच दुकानदाराकडून संगणक असेंबल करून घेतला होता. त्यात इंटेलचा कोअर आय-५ ७४०० प्रोसेसर, बी-२५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि ८ जीबी रॅम आहे. एसएसडी नंतर बसवून घेतली. विंडोज १० चे अपडेट थांबणार म्हणून ११ टाकायला गेलो, तर हा संगणक किमान आवश्यकता पूर्ण करत नाही, असा संदेश येतो. एक जण टीपीएमचे मॉड्यूल घ्या म्हणतो, तर दुसरा जुन्या बाजारातून आठव्या पिढीचा प्रोसेसर आणून बसवून देतो म्हणतो. मी एक व्हिडिओ पाहून बायोसमध्ये सीएसएम बंद केले, तर संगणक दर वेळी बायोसच्याच पडद्यावर येऊन थांबू लागला. घाबरून ते पुन्हा चालू केले, तेव्हा विंडोज सुरू झाले. लग्नपत्रिकांची कामे हातात आहेत आणि आमच्या जुन्या मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरला डाँगल (परवान्याची खूण म्हणून संगणकाला जोडायचे छोटे यंत्र) लागते. आता काय करावे?

उत्तर : सीएसएम बंद केल्याने तुमचे काहीही बिघडलेले नव्हते, हे आधी सांगतो, कारण याच टप्प्यावर अनेक जण डिस्क फॉरमॅट करून बसतात आणि वर्षांचे काम गमावतात. नव्या यूईएफआय पद्धतीच्या बोर्डाला जुन्या बायोससारखे वागायला लावणारी सोय म्हणजे सीएसएम. तुमचे विंडोज १० जुन्या पद्धतीने, म्हणजे एमबीआर प्रकारच्या (विभागांची नोंद जुन्या रीतीने ठेवणाऱ्या) डिस्कवर बसवलेले दिसते. सीएसएम बंद होताच बोर्ड त्या डिस्कवर यूईएफआयचा वेगळा छोटा विभाग शोधतो, तो सापडत नाही म्हणून तो तुम्हाला बायोसमध्ये आणून सोडतो. डिस्कवरचा मजकूर जागच्या जागी असतो, आणि म्हणूनच सीएसएम पुन्हा चालू करताच विंडोज सुरू झाले.

आता त्या संदेशाविषयी. त्यात तीन वेगवेगळ्या अटी एकत्र बांधलेल्या आहेत: सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा घटक म्हणजे टीपीएम २.०, फक्त विश्वासू सॉफ्टवेअरनेच संगणक सुरू होऊ देणाऱ्या सिक्युअर बूटची क्षमता आणि कंपनीच्या यादीत असलेला प्रोसेसर. पहिल्या दोन गोष्टी २०१७ च्या सुमाराच्या बहुतेक बोर्डांवर असतात, फक्त बंद ठेवलेल्या असतात. तिसरी गोष्ट मात्र कोणत्याही सेटिंगने बदलत नाही. कोणती अट अडते आहे हे कळल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत टीपीएम डॉट एमएससी लिहिले, तर टीपीएम आहे का आणि कोणत्या आवृत्तीचे आहे ते दिसते. त्याच चौकटीत एमएसइन्फो३२ लिहिले, तर बायोस मोड ‘लेगसी’ आहे की ‘यूईएफआय’ हे कळते.

मॉड्यूल घेऊ नका. इंटेलच्या या पिढीत टीपीएमचे काम फर्मवेअरमध्येच (बोर्डातच कायम असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) करण्याची सोय असते आणि बायोसमध्ये तिचे नाव ‘पीटीटी’ असते. बी-२५० च्या बहुतेक बोर्डांवर ती केवळ चालू करावी लागते. शिवाय मॉड्यूलच्या पिना उत्पादकागणिक वेगळ्या असतात, त्यामुळे एका बोर्डाचे मॉड्यूल दुसऱ्यात बसेलच असे नाही.

आठव्या पिढीचा प्रोसेसर तर मुळीच घेऊ नका. त्याचे सॉकेटही एलजीए ११५१ याच नावाचे आहे आणि तो तुमच्या बोर्डात बसेलही, पण इंटेलने आठव्या पिढीत पिनांची, विशेषतः वीजपुरवठ्याच्या पिनांची, मांडणी बदलली आणि त्या प्रोसेसरसाठी ३०० मालिकेचे चिपसेट सक्तीचे केले. तुमच्या बी-२५० वर तो चालणार नाही. विकणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मी म्हणत नाही, पण सॉकेटचे नाव सारखे दिसले की अशी गफलत सहज होते.

म्हणजे टीपीएम आणि सिक्युअर बूट तुम्ही चालू करू शकाल, पण तुमचा प्रोसेसर यादीबाहेरच राहील. इंटेलच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टची यादी, सातव्या पिढीतील मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. ही अट वगळून विंडोज ११ बसवता येते हे खरे आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) एक नोंद करून यादीबाहेरच्या प्रोसेसरवर अपग्रेड करण्याची वाट २०२१ मध्ये कंपनीनेच प्रसिद्ध केली होती, आणि रूफससारख्या साधनाने पेन ड्राइव्ह तयार करताना काही तपासण्या काढून टाकता येतात. परंतु अशा यंत्राला अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. दरमहाची सुरक्षा अपडेट आजवर अशा यंत्रांवर सहसा आलेली आहेत. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती मात्र आपोआप येत नाही, ती दर वेळी हाताने बसवावी लागते. चाचणीच्या काळात आवश्यकता पूर्ण न करणाऱ्या यंत्रांवर प्रणालीच्या गाभ्यातील क्रॅश ५२ टक्के अधिक आढळले, असे मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये म्हटले होते. घरच्या संगणकाला हा धोका पत्करता येईल. पण ऐन लग्नसराईत ज्याच्यावर दुकान चालते, त्या एकुलत्या एक संगणकावर हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी असे करा. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले असले, तरी घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. नोंदणीचा दुवा सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर दिसतो. यामुळे हातातली कामे निर्धास्तपणे पूर्ण होतील. मग सवडीच्या दिवसांत एक वेगळी छोटी एसएसडी घ्या. संगणक बंद करून, वीज काढून, आताच्या एसएसडीची आणि इतर सर्व डिस्कची केबल सोडवून ठेवा, सीएसएम बंद व पीटीटी चालू करा आणि रिकाम्या एसएसडीवर विंडोज ११ बसवून पाहा. कोऱ्या डिस्कवर यूईएफआय पद्धतीने बसवताना डिस्कचा प्रकार बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. बोर्ड तोच असल्याने, विंडोज १० चा परवाना डिजिटल स्वरूपात नोंदलेला असेल तर तो सहसा आपोआप ओळखला जातो. काही अडले तर जुनी एसएसडी जोडून सीएसएम पुन्हा चालू केले की कालचे दुकान आज सुरू.

या नव्या एसएसडीवर सर्वांत आधी डाँगल तपासा, कारण मराठी छपाईच्या दुकानांत खरी अडचण बहुधा इथेच येते. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये आहे. ३२ बिटचे सॉफ्टवेअर त्यावर चालते, पण फार जुने १६ बिटचे इन्स्टॉलर उघडतही नाहीत. आणि डाँगलचा ड्रायव्हर हा प्रणालीच्या गाभ्याशी बोलणारा घटक असल्याने तो ६४ बिटचाच लागतो. ड्रायव्हरची नवी आवृत्ती मिळते का हे सॉफ्टवेअर घेतले त्यांच्याकडे आधी विचारा. तसेच जुन्या लेसर प्रिंटरचा ड्रायव्हर पाहा. नेहमीची पत्रिका उघडून, जोडाक्षरे आणि रफार नीट पाहून, एक प्रत छापून मगच पुढे जा. हे जमले नाही, तर प्रोसेसर यादीत असो वा नसो, तुमच्या दुकानासाठी विंडोज ११ अजून उपयोगाचे नाही, असे समजून जुनी एसएसडी इंटरनेटपासून तोडलेल्या संगणकावर अक्षरजुळणीपुरती चालू ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न : माझ्याकडे बी-४५० बोर्डावर रायझन ३ २२००जी आहे. एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून विंडोज ११ चालते असे सगळीकडे वाचले, एफटीपीएमही चालू केले, तरी प्रोसेसर समर्थित नाही असेच दाखवते. डिस्क एकच आहे आणि तिचे सी, डी, ई, एफ असे भाग आहेत. — एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : क्रमांकाने तुमची फसगत झाली आहे. २२००जी आणि २४००जी यांच्या नावात २००० चा आकडा असला, तरी त्यांचा गाभा रायझनच्या पहिल्या पिढीचा, झेन रचनेचा आहे. यादीत रायझन ५ २६०० आहे, कारण तो झेन प्लस रचनेचा आहे. ही ‘जी’ जोडी मात्र यादीत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेता स्वस्तात संगणक तयार करणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांनी हेच प्रोसेसर घेतले होते, त्यामुळे तुमची निराशा मी समजू शकतो.

तरीही तुमची परिस्थिती इचलकरंजीच्या वाचकांपेक्षा बरी आहे, कारण एएम४ सॉकेटवर प्रोसेसर बदलता येतो. बोर्डाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर तुमच्या नेमक्या मॉडेलची प्रोसेसर-यादी पाहा. ३४००जी किंवा ५६००जी त्यात असेल तर ग्राफिक्स कार्डाशिवायही काम भागेल. ३६०० किंवा ५६०० स्वस्त मिळाला तरी त्यांत ग्राफिक्स नसते, हे विसरू नका. नव्या प्रोसेसरला लागणारे बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच टाकायचे असते. आधी प्रोसेसर बदलून मग पडदा काळा का, असे विचारणारी पत्रे आमच्याकडे आलेली आहेत. बायोस टाकताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस जोडा. काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरचा आधार काढलेला असतो, त्यामुळे डाउनलोडच्या पानावरील टीप वाचूनच आवृत्ती निवडा.

एफटीपीएम, म्हणजे फर्मवेअरमधले टीपीएम, हे प्रोसेसरशी निगडित असल्याने, प्रोसेसर बदलताच त्यातल्या किल्ल्या जातात आणि बोर्ड तसा इशाराही देतो. डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते आधी थांबवा आणि रिकव्हरीचा ४८ अंकी क्रमांक कागदावर उतरवून ठेवा.

आता सी, डी, ई, एफविषयी. आपल्याकडे दुकानदार डिस्कचे चार-पाच भाग पाडून देतात आणि एमबीआर डिस्कवर त्यांतले मागचे भाग बहुधा ‘एक्स्टेंडेड’ विभागाच्या आत असतात. एमबीआरची जीपीटी (यूईएफआयला लागणारी विभागांच्या नोंदीची नवी रीत) करणारे एमबीआर२जीपीटी हे साधन विंडोज १० मध्येच आहे आणि ते माहिती न पुसता काम करते; परंतु डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्राथमिक विभाग असतील किंवा एक्स्टेंडेड विभाग असेल, तर ते काम करायला नकार देते. म्हणून डी, ई आणि एफवरील सर्व काही बाहेरच्या डिस्कवर उतरवून, नीट उघडते ना हे पाहून, ते भाग काढून टाका. मग प्रशासकाच्या कमांड खिडकीत हे साधन आधी ‘व्हॅलिडेट’ या पर्यायाने चालवा. त्यात कोणतीही चूक दिसली नाही, तरच ‘कन्व्हर्ट’ने चालवा, चालू विंडोजमधून दोन्ही वेळा ‘अलाऊफुलओएस’ हा पर्याय जोडावा लागतो. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद करा. हा क्रम उलटा केला तर काय होते, ते वर आलेच आहे.

प्रश्न : सीएसएम बंद केल्यापासून पडदा पूर्ण काळा आहे, बायोससुद्धा दिसत नाही. बोर्डात जुने ग्राफिक्स कार्ड आहे. — एक वाचक, परभणी

उत्तर : तुमच्या कार्डात यूईएफआयसाठी लागणारा भाग नसावा, साधारण २०१२ पूर्वीच्या अनेक कार्डांत तो नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून पडद्याची केबल बोर्डाच्या मागच्या जागेत लावा. नसेल तर वीज तोडून, बोर्डावरील सीएमओएस पुसण्याच्या पिना पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे जोडा, म्हणजे सेटिंग्ज मूळ स्थितीत येतील. ते कार्ड ठेवून सीएसएम बंद करता येणार नाही.

प्रश्न : माझ्या कोअर २ डुओ संगणकावर तपासणी वगळून विंडोज ११ ची जुनी आवृत्ती चालत होती. २४एच२ बसवायला घेतली तर तो पुनःपुन्हा रीस्टार्ट होतो. — एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : २४एच२ पासून विंडोजला पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना प्रोसेसरमध्येच लागतात. कोअर २ मालिकेत त्या नाहीत, आणि पेन ड्राइव्ह कसाही तयार केला तरी त्या निर्माण होणार नाहीत. तुम्ही लेखन आणि ईमेलच करत असाल, तर लिनक्स मिंट २२ पेन ड्राइव्हवरूनच, डिस्कला हात न लावता चालवून पाहा. त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, युनिकोड देवनागरी आणि इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात आहे. रॅम ४ जीबीपेक्षा कमी असेल तर ती आधी वाढवावी.

प्रश्न : विंडोज ११ व्यवस्थित चालू होते. रात्री वीज गेली की सकाळी टीपीएम गायब असते आणि घड्याळही मागे जाते. — एक वाचक, यवतमाळ

उत्तर : बोर्डावरील सीआर२०३२ सेल संपला आहे. वीज गेली की बायोस मूळ सेटिंग्जवर परतते, आणि त्या सेटिंग्जमध्ये तुमच्या बोर्डावर टीपीएम बंद असते. वीज तोडून सेल बदला, आधी तारीख आणि वेळ नीट लावा, नंतर टीपीएम चालू करून सीएसएम बंद असल्याची खात्री करा आणि सेटिंग्ज जतन करून मगच विंडोज सुरू होऊ द्या.