चर्चची खजिनदार झालीस, आता थोडं ऐक

प्रिय,

प्रभूमध्ये सलाम.

"हिशेब जमतात हो, माणसांचं काय करू?" असं तू फोनवर म्हणालीस. हिशेब जमतात म्हणजे निम्मं काम झालं.

उपासना संपली की दानार्पणाच्या थैल्या वेस्त्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, येतील. एकटीने मोजू नकोस. दोघातिघांनी बसायचं, आणि ती एकाच घरातली नकोत. बोटाच्या पेराएवढी घडी घातलेली एखादी नोट निघेल, तीही उलगडून बघायची. रक्कम वहीत, सगळ्यांच्या सह्या, मगच दिवे बंद. घाईत मी एकदा थैली घरी नेली होती. दुसऱ्या दिवशी बँकेत पैन् पै भरली, तरी कुजबूज पुढे दोन वर्षं पुरली. तक्रार कुणाची करणार? साक्षीदार मीच ठेवला नव्हता.

"आमच्यावर विश्वास नाही का?" असं कुणी विचारलं तर बायबलमधला २ राजे १२ काढ. पैसा याजकांच्या, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांच्या, हाती जात होता आणि योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मंदिराची डागडुजी झालीच नव्हती. मग झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ आली आणि राजाचा चिटणीस व मुख्य याजक मिळून मोजू लागले. समोरचा पक्का असेल तर त्याच अध्यायातलं पुढचं वचन दाखवेल, की कामगारांना पैसे देणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत. दाखवू दे. दोघांनी मोजून झाल्यानंतरची गोष्ट आहे ती.

इमारतीसाठी आलेलं दान वीजबिलाला वापरायचं नाही. "पुढच्या महिन्यात परत टाकू" म्हणूनसुद्धा नाही.

मला खरं लिहायचं होतं ते पगारपत्रकाबद्दल. आपल्याकडे 'सेवा' हा शब्द फार स्वस्त पडतो. झाडलोट करणारा, ऑर्गन वाजवणारा, ऑफिस सांभाळणारी, सगळे 'सेवेत'. नेमणूकपत्र मागितलं की लगेच "देवाच्या कामात कसला करार?" आपखुशीने येणाऱ्याची गोष्ट निराळी. पण ज्याला तू वेळ बांधून देतेस, गैरहजेरीचा जाब विचारतेस, तो कामावर आहे. त्याचे तास, रजा, पगाराची तारीख आणि तक्रार कुणाकडे करायची, एवढं कागदावर हवंच. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोबाच्या पत्रात आहे (५:४). माझ्या कारकिर्दीत नवे स्पीकर घेतले, त्या महिन्यात सेक्स्टनचा, म्हणजे चर्चची देखभाल करणाऱ्याचा, पगार तीन आठवडे लांबला. ते स्पीकर दर रविवारी तोच पुसायचा. मी पुढच्या बाकावर बसून गीत गात होतो.

पाळकांचंही, म्हणजे आपल्या धर्मगुरूंचंही, बघ. त्यांच्या पगाराची चर्चा त्यांच्या गैरहजेरीत व्हावी, पण घाईत उरकू नये. जन्मभर पाळकगृहात राहिलेला माणूस निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत करतो आणि जायला घर नसतं. त्याची तजवीज पहिल्या वर्षापासून हवी. रविवारी राबतात, म्हणून आठवड्यातला दुसरा एक दिवस त्यांचा. आणि पाळकीणबाई, पाळकांची पत्नी? चर्चच्या मंडळ्या पाळक नेमताना दोन माणसं घेतात आणि पगार एकाचा देतात. यावर मी कमिटीत कधी तोंड उघडलं नाही. तू उघड.

पगारपत्रकाचा विषय सभेत शेवटी ठेवतील, तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात. सेक्रेटरींना आधीच सांगून तो वर घे.

तुझा,
जुना खजिनदार