दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरसाठी लाझारस वापरू का, सगळे रिअॅक्ट-नोड घे म्हणतायत?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: साताऱ्याकडच्या एका गावातल्या दूध संस्थेचं काम मिळालंय, करणारे तुम्ही एकटेच, लाझारसवर, म्हणजे पास्कल भाषेत प्रोग्रॅम बनवायच्या टूलवर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणारा त्याचा कंपायलर फ्री पास्कल), हात बसलाय, आणि मित्र म्हणतायत की आता पास्कल कोण वापरतं, रिअॅक्ट-नोड (जावास्क्रिप्टमध्ये वेब प्रोग्रॅम बनवायची साधनं) घे, क्लाउडवर टाक. मी सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत दुकानांना सॉफ्टवेअर करून देतो, हळद, गूळ, बेदाणा, आणि माझं बहुतेक काम लाझारसमध्येच आहे. माझं उत्तर, घ्या. फक्त कशाच्या जोरावर घ्यायचं ते नीट बघा.

"सगळे वापरतात म्हणजे टिकणार" हे मला पटत नाही कारण यार्डात उलटं घडलेलं बघितलंय. एके काळी व्हीबी सिक्स (व्हिज्युअल बेसिक) आणि फॉक्सप्रो, ही मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅम बनवायची साधनं, हेच मेनस्ट्रीम होतं, क्लासेसची अख्खी बॅच तेच शिकायची. व्हीबी सिक्स १९९८ चं, २००८ मध्ये त्याचा सपोर्ट संपला. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ ची, आणि २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सांगून टाकलं की पुढची येणार नाही. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि कित्येक दुकानांत अशी परिस्थिती की प्रोग्रॅम चालतोय पण त्यात एक कॉलम वाढवायचा तर सोर्स, म्हणजे मूळ कोड, कुणाकडंच नाही, करून देणारा पोरगा कधीच पुण्याला गेलेला. त्यातल्या त्यात फॉक्सप्रोवाले वाचले, कारण त्यातली डेटाची डीबीएफ फाईल बाकीचे प्रोग्रॅमही उघडतात, जुनी खाती तरी बाहेर काढता आली. वेबवाल्यांचंही तेच आहे, अँग्युलरजेएस हे वेबचं टूल किती चाललं होतं, २०१६ ला अँग्युलर टू आलं ते मुळापासून वेगळं, आणि जुन्याचा सपोर्ट २०२१ च्या अखेरीस बंद. त्याच २०१६ च्या मार्चमध्ये एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यावरून, लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज काढून घेतलं गेलं तर जगभर मोठमोठ्या प्रोजेक्टांचं प्रोग्रॅम बांधणंच अडकलं.

त्यामुळं किती जण वापरतात ते मी बघतच नाही. अडलं तर मला आत शिरून बघता येतंय का, आणि मी उद्या नसलो तर दुसऱ्याला डेटा काढता येतोय का, एवढं बघतो. फ्री पास्कल १९९३ पासून चालू आहे, लाझारस १९९९ पासून, दोन्हीचा सोर्स खुला आहे, आणि कंपायलरसकट सगळं सेटअप पेन ड्राइव्हवर ठेवता येतं. दहा वर्षांनी इंटरनेट नसलेल्या खोलीत बसूनसुद्धा तोच प्रोग्रॅम परत बांधता येईल, आणि एकट्या माणसाला याच्याएवढा आधार दुसऱ्या कशाचा नाही.

आता अडत दुकानाच्या काउंटरवर काय होतं ते सांगतो. सौदा उरकला की दिवाणजी शेतकरी पट्टी काढतो, पोती, वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई वजा, समोर शेतकरी गाडी गाठायच्या घाईत उभा. पट्टी निघते डॉट मॅट्रिक्सवर कारण कार्बन लावून कॉपी लागते. कागद सहा इंची. ब्राउझरमधून प्रिंट दिली की डायलॉग येतो, मार्जिन हलतं, आणि दोन-चार पट्ट्या झाल्या की छपाई खाली सरकत सरकत फाडायच्या रेघेवर येते. लाझारसमधून मी प्रिंटरला थेट २७, ६७, ३६ असे तीन बाइट पाठवतो, म्हणजे पान छत्तीस ओळींचं, इंचाला सहा ओळी धरून बरोबर सहा इंच, आणि फॉर्मफीड, म्हणजे पुढच्या पानावर जायचा हुकूम, दिला की कागद प्रत्येक वेळी त्याच जागी थांबतो. मात्र मराठी अक्षरं टेक्स्ट मोडमध्ये येत नाहीत, ती चित्र म्हणून पाठवावी लागतात आणि वेळ जातो, म्हणून मी फक्त नाव-गाव मराठीत ठेवतो, आकडे टेक्स्टमध्येच. दिवाणजीला माउस लागत नाही, एंटर एंटर करत पट्टी संपते. मशीन जुनंच, दोन जीबी रॅमचं, त्यावर एकच ईएक्सई.

डेटासाठी एक कॉम्प्युटर असेल तर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, डोळे झाकून. एकच फाईल असते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा एका व्यापाऱ्यानं कॉम्प्युटर वरच्या फळीवर टाकला आणि पेन ड्राइव्ह खिशात घालून घर सोडलं, त्यात सगळं वर्ष होतं. फक्त प्रोग्रॅम चालू असताना ती फाईल नुसती कॉपी-पेस्ट करू नका, एसक्यूलाइटची बॅकअप कमांड किंवा व्हॅक्यूम इन्टू वापरा, नाहीतर अर्धवट कॉपी होऊ शकते. आणि तीन कॉम्प्युटर असतील तर ती फाईल नेटवर्क शेअरवर ठेवून तिघांनी उघडायची असलं करू नका, तिथं लॉकिंगचा, म्हणजे एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवायचा, भरवसा नाही, एसक्यूलाइटवालेच तसं सांगतात. अशा ठिकाणी मी फायरबर्ड हा डेटाबेस टाकतो. २००० मध्ये बोरलँड कंपनीनं आपल्या इंटरबेस डेटाबेसचा सोर्स खुला केला त्यातून ते निघालं, नाव फारसं कुणाला माहीत नाही, पण काम चोख.

आडवाटेच्या टूलवर मोठी कामं होत नाहीत असंही कुणी म्हणेल. एरलँग एरिक्सननं टेलिफोन एक्स्चेंजसाठी केलेली भाषा, कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत, पण व्हॉट्सअॅप त्यावर चाललं. २०१४ मध्ये फेसबुकनं घेतलं तेव्हा पंचेचाळीस कोटी लोक वापरत होते आणि कंपनीत माणसं पन्नासच्या आसपास.

त्रास आहेतच. लाझारसची ईएक्सई अँटिव्हायरस उगाच व्हायरस म्हणून पकडतो, गिऱ्हाईक घाबरून फोन करतं. एचटीटीपीएस, म्हणजे इंटरनेटवरची सुरक्षित जोडणी, लागली की ओपनएसएसएलच्या डीएलएल फाईली सोबत द्याव्या लागतात. मदतीला माणूस मिळत नाही, इथल्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून बाहेर पडलेली पोरं जावा नाहीतर रिअॅक्ट घेऊन पुण्याला जातात आणि त्यांचं बरोबरच आहे, नोकरी करायची असेल तर मीही तेच शिका म्हणेन. आणि सभासदांना मोबाईलवर बिल दाखवायचं असेल तर तेवढा भाग वेबमध्येच करा, तिथं पास्कलचा हट्ट नको.

तुमच्या कामात खरी गाठ दूध तपासायच्या मशीनशी आहे. संकलन पहाटे, रांग लागलेली, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मशीनवरून सरळ प्रोग्रॅममध्ये यायला पाहिजे, हातानं टाकलं की भांडणं होतात. बहुतेक मशीनला सिरियल पोर्ट, म्हणजे केबलनं डेटा बाहेर द्यायची जागा, असतो. लाझारसमध्ये सिनॅपस लायब्ररीसोबत येणारं सिनासर युनिट (सिरियल पोर्ट वाचायचा तयार कोड) घेतलं की थोड्या ओळींत वाचता येतं. ब्राउझरमधून वेब सिरियल या सोयीनं होतं, पण ती मुख्यतः क्रोम आणि त्याच्या भाईबंदांत, शिवाय पहिल्यांदा पोर्टची परवानगी द्यायला माणूस लागतो, आणि क्लाउडवर टाकलंत तर पहाटे रेंज गेली की रांग थांबली.

या आठवड्यात संस्थेत जाऊन मशीनची केबल तुमच्या लॅपटॉपला लावा, बॉड रेट (मशीन किती वेगानं डेटा पाठवतं तो आकडा) मशीनच्या मॅन्युअलमध्ये असतो, आणि एका नमुन्याला मशीन काय ओळ पाठवतंय ती फाईलमध्ये उतरवून घ्या. ती इथं टाकलीत तर ती कशी फोडायची ते मी सांगतो.